छताची पट्टी दुपारीच का पडते? सोलापुरातल्या एका कॅम्परचं प्रकरण

गाडी म्हणजे लांब बॉडीची टेम्पो ट्रॅव्हलर. आतल्या सीट काढून एका वर्कशॉपमधून तिचा कॅम्पर करून आणलेला. मागे आडवा पलंग, मध्ये छोटा ओटा, पुढे-मागे छताला टेकणारी कपाटं, टपावर सोलर पॅनल आणि हवा बाहेर खेचणारा पंखा. मालक विजापूर रोडला राहणारे, नोकरीतून निवृत्त झालेले काका आणि त्यांच्याबरोबर तितक्याच हौसेने फिरणाऱ्या काकू. तक्रार एका ओळीची: "छताच्या पट्ट्या पडतात."

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. आता अशा गाड्या सोलापूरसारख्या शहरातही दिसतात. बनवणारे वाढले, पण त्यातले बरेचसे मुळात घरांचं इंटिरियर करणारे. घराचं छत जागचं हलत नाही. गाडीचं छत रोज हलतं आणि आमच्याकडे तर रोज भाजतं. या प्रकरणाची निम्मी गोष्ट एवढ्यातच आहे.

छताची रचना अशी होती. गाडीच्या पत्र्याखाली आडव्या स्टीलच्या कमानी, म्हणजे बॉडीवाल्यांच्या भाषेत हूप, साधारण दोन-दोन फुटांवर. त्यांच्याखाली ४ मिमीचं लॅमिनेट लावलेलं प्लाय. प्लायच्या तुकड्यांचे जोड झाकायला सागवानी रंगाच्या पीव्हीसीच्या पट्ट्या. दोन लांब पट्ट्या गाडीच्या लांबीच्या दिशेने, प्रत्येकी सुमारे ३ मीटर. आडव्या पट्ट्या चार, दीड-पावणेदोन मीटरच्या. या पट्ट्या कसलाही भार पेलत नाहीत, फक्त जोड आणि स्क्रूची डोकी लपवतात. त्यामुळे बसवणाराही त्यांच्याकडे शेवटच्या दिवशी, डब्यात उरलेला गोंद घेऊनच वळतो.

पहिली लांब पट्टी तुळजापूरचा घाट उतरताना एका टोकाने सुटली. काकांनी ती रबरी गोंदाने परत चिकटवली, झाडूच्या दांड्याचा टेकू दिला, रात्रभर ठेवलं. धरली. मग हंपीच्या वाटेवर दुसरी लोंबायला लागली आणि मुक्कामात दुपारी आडव्या झालेल्या काकूंच्या अंगावर आली. पट्टी हलकी असल्याने लागलं काही नाही, पण त्यानंतर "गाडीत मी झोपणार नाही" असं जाहीर झालं आणि काकांना माणूस शोधणं भाग पडलं. तोवर त्यांनी गोंदाचा आख्खा डबा छताला पाजला होता.

माझं काम बस-ट्रॅव्हलरच्या आतल्या फिटिंगचं. माणसं बहुधा रोग सांगत नाहीत, केलेले उपाय सांगतात. काकांनी मात्र मला एक फार कामाची गोष्ट सांगितली. "दुपारीच पडते बघा. सकाळी मी हात लावून बघतो, घट्ट असते की." आमच्याबरोबरचे मिस्त्री हे ऐकून नुसते हसले. त्यांनी बसच्या छताखाली आयुष्य काढलंय.

पाणी की ऊन?

छताची पट्टी सुटली की पहिला संशय पाण्यावर घ्यायचा. टपावरून गळती असेल तर पाणी प्लायच्या वरच्या बाजूने वाहत येतं आणि जोडापाशी थांबतं. जोडावर असते पट्टी. प्लाय फुगतं, पट्टी धरणाऱ्या बारीक पिना गंजतात, पट्टी सुटते. अशा ठिकाणी नुसती पट्टी परत ठोकली तर आत कुजणं चालूच राहतं आणि वर्षभरात छतच खाली येतं. म्हणून गोंदाचा विषय काढण्याआधी छत सगळीकडून अंगठ्याने दाबून पाहिलं. कुठे मऊ लागतंय, कुठे लॅमिनेटखाली पोकळ वाजतंय, कुठे पिवळट कडा दिसतेय. पंख्याचं भोक, सोलरची वायर आत येते ती जागा आणि कॅरियरचे बोल्ट या तीन जागा अशा गाड्यांत हमखास गळतात.

मागच्या उजव्या कोपऱ्यात सापडलंच. तिथली शेवटची आडवी पट्टी सैल होती. ती उचलली तर पिना तपकिरी, प्लायची कड काळसर आणि टोच्या टेकवला की आत जातोय. वर चढून पाहिलं तर सोलरच्या वायरीभोवतीचं सिलिकॉन एका बाजूने उचकटलेलं. पाईपने पाणी मारलं. खालून सुरुवात करून हळूहळू वर, एका जागी काही मिनिटं थांबत. एकदम सगळीकडे पाणी मारलं की कुठून आत गेलं ते कळत नाही. पाणी त्या वायरीच्या जागेवर आल्यावर थोड्याच वेळात आत थेंब दिसला.

इथे थांबून "गळतीमुळे पट्ट्या पडतात" असं म्हणणं सोपं होतं, आणि बरेच जण तसंच म्हणाले असते. पण दोन्ही लांब पट्ट्यांच्या पिना चकचकीत होत्या. गंजाचा ठिपका नाही. प्लाय टणक. म्हणजे या छतावर दोन वेगळे आजार होते आणि मोठा आजार पाण्याचा नव्हता.

मग पुरावा दिला न पडलेल्या पट्ट्यांनी. उरलेल्या तीन आडव्या पट्ट्या त्याच पीव्हीसीच्या, त्याच गोंदाने लावलेल्या, त्याच उन्हात भाजलेल्या. पण एकही हललेली नव्हती. फरक तीन होते. त्या लांबीने निम्म्या. त्यांच्या मागे हूपमध्ये लाकडी पट्टी ठोकलेली, त्यामुळे पिनांना धरायला लाकूड होतं. आणि त्यांची टोकं बाजूच्या भिंतीला टेकत नव्हती, बोटभर जागा मोकळी होती. लांब पट्ट्यांचं उलट. मागे हूप सोडले तर फक्त ४ मिमीचं प्लाय, आणि दोन्ही टोकं पुढच्या-मागच्या कपाटांना दाबून बसवलेली. कारागिराने ती इतकी नेमकी कापली होती की नखही जाऊ नये. फिटिंग बघणाऱ्याला ते सुबक वाटतं, आणि खोट नेमकी तिथेच होती.

हिशेब

पीव्हीसी तापलं की बरंच वाढतं. मीटरला दर अंशामागे साधारण ०.०७ मिमी. स्टील त्याच्या सहाव्या हिश्शाइतकं, सुमारे ०.०१२ मिमी. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा चाळिशीच्या वर जातो. बंद गाडी उघड्यावर उभी असेल तर टपाच्या पत्र्याखालचं छत हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं, साठीच्या आसपास पोचणं काही विशेष नाही. सकाळी पंचवीस आणि दुपारी पासष्ट धरलं तर फरक ४० अंशांचा. ३ मीटरची पट्टी त्यात ८.४ मिमी वाढते. गाडीचा सांगाडा वाढतो १.४ मिमी. म्हणजे पट्टीला ७ मिमी जास्त जागा हवी आणि कपाटं ती देत नाहीत.

सात मिलिमीटर म्हणजे काय एवढं, असं काकांना वाटलं. वाटणारच. पण दोन टोकांत अडकलेली पट्टी लांबीने थोडी जरी जास्त झाली तरी पोट काढते आणि ते पोट वाढीपेक्षा कितीतरी मोठं असतं. ३ मीटर लांबीत फक्त १ मिमी जास्त झाला तर मध्ये तीन सेंटीमीटरहून जास्त झोळ पडतो. ७ मिमीला, मधलं सगळं सुटलं असेल तर, जवळजवळ नऊ सेंटीमीटर. मी हे वहीवर मांडून दाखवलं. काकांनी बँकेतल्या माणसाच्या सवयीने परत तपासलं आणि म्हणाले, "मग गोंद बिचारा काय करणार?"

खरं आहे. रबरी गोंद उन्हात मऊ पडतो. मऊ पडलेल्या गोंदाला सतत खाली ओढत राहिलं की तो तुटत नाही, हळूहळू सरकतो. दुपारी पट्टी त्याला ढकलते, रात्री पट्टी आखडते, आणि रोज थोडा थोडा तो जागा सोडतो. पिनांचंही तसंच. गनने मारलेली बारीक पिन लाकडात खोल गेली तर बरी धरते. ४ मिमीच्या प्लायमधून आरपार गेलेली पिन नावापुरती. गावागावातल्या गतिरोधकांवर गाडी आपटली की ती एकेक केस बाहेर येते. काकांचा रात्रभराचा टेकू म्हणूनच यशस्वी वाटला. रात्री पट्टी आखडलेली असते. गोंदाची परीक्षा दुसऱ्या दिवशी तीन वाजता होते.

जे केलं नाही ते

उपाय सुचवणारे पुष्कळ होते. काकांच्या शेजाऱ्यांचं म्हणणं, दर चार इंचावर स्क्रू मारून टाका. त्याने पट्टी पडणार नाही, पण वाढायची ती वाढेलच. स्क्रूंच्या मध्ये लाटा येतील, किंवा भोकापासून तडे जातील. चांगली फोमची दुहेरी टेप वाईट नाही. लहान पट्ट्यांना मी ती वापरतो, फोम असल्याने थोडी हालचाल सोसते. पण तिला स्वच्छ, कोरडा, कडक पृष्ठभाग लागतो आणि पूर्ण पकड यायला तीन दिवस. इथे छतावर गोंदाचे थर होते आणि कितीही घासले तरी लॅमिनेटच्या नक्षीत तो राहतोच. अॅल्युमिनियमची पट्टी लावणं सगळ्यात सरळ झालं असतं. ती स्टीलच्या दुप्पटच वाढते, म्हणजे तीन मीटरला फरक दीड मिमीच्याही आत. काकूंना लाकडी रंगच हवा होता. "दवाखान्यासारखं नको." विषय संपला. पट्ट्या जुन्याच ठेवायच्या ठरल्या. तशा त्या चांगल्या होत्या.

काम

काम सकाळी लवकर, सावलीत सुरू केलं. यात आरामाचा भाग आहेच, पण मुख्य कारण मापाचं. पट्टी कोणत्या तापमानाला बसवतो यावर टोकाला किती जागा सोडायची ते ठरतं.

आधी वीज. सोलरवाल्या गाडीत नुसती बॅटरी सुटी करून भागत नाही, ऊन असलं की पॅनल करंट देतच राहतं. म्हणून आधी पॅनलचा स्विच बंद, मग बॅटरी. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर बाहेर, कारण पुढे टर्पेंटाइन आणि स्पिरिटचा वास कोंडणार होता. दारं-खिडक्या सताड उघड्या. गादीवर जुन्या चादरी टाकल्या. सोलापूरच्या घरात त्यांना तोटा नाही.

पट्टी ओरबाडून काढायची नसते. हेअर ड्रायरने हातभर भाग कोमट करायचा, खाली प्लॅस्टिकचा पातळ पत्रा सारायचा आणि पुढे जायचं. लोखंडी पट्टीने लॅमिनेटवर कायमची रेघ उठते. काढलेल्या प्रत्येक पट्टीच्या मागे मास्किंग टेपवर नंबर आणि ड्रायव्हरच्या दिशेचा बाण. पिना पट्टीच्या मागच्या बाजूने पकडीने ओढून काढल्या. पुढून ठोकल्या तर डोक्याबरोबर रंगाची टवकी निघते. काकांच्या गोंदाचे थर टर्पेंटाइनने मऊ करून बोटाने वळकट्या काढत गेलो आणि शेवटी स्पिरिटचं फडकं. थिनर पीव्हीसीच्या जवळ आणायचा नाही. सागवानी छपाई क्षणात पुसली जाते. या साफसफाईला बाकी सगळ्या कामापेक्षा जास्त वेळ गेला.

मग चुंबक. कापडात गुंडाळलेलं चुंबक छतावरून फिरवलं की हूप कुठे आहे ते हाताला कळतं. प्रत्येक हूपचा मध्य टेपवर पेन्सिलने मांडला. पण हूपच्या पोकळीतून वायरी नेलेल्या असतात, त्यामुळे भोक पाडण्याआधी दिवे उतरवून आत टॉर्च मारून पाहिलं. एका हूपमधून पंख्याची वायर गेली होती. तिथला स्क्रू बाजूला सरकवला. ड्रिलच्या बिटवर टेपचा वेढा घालून खोली बांधून घेतली. वर टपाचा पत्रा आहे, त्याला भोक पडलं तर पट्टीच्या निमित्ताने नवी गळती.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक लांब पट्टी फक्त मधल्या हूपवर घट्ट आवळली. तेवढाच एक बिंदू स्थिर. बाकी सगळ्या हूपवर पट्टीत गोल भोक न पाडता लांबट खाच केली, ५ मिमी रुंद आणि १२ मिमी लांब, पट्टीच्याच दिशेने. स्क्रू ४ मिमीचा, खाचेच्या बरोबर मध्ये. मध्यापासून टोक दीड मीटरवर, तिथे एवढ्या फरकाला साडेतीन मिमी सरक लागते. खाच दोन्ही बाजूंना चार देते. स्क्रू पूर्ण आवळून मग पाव फेरा मागे घेतला, खाली नायलॉनचा वॉशर. डोकं चपट्या बुडाचंच हवं. काउंटरसंक स्क्रूचं निमुळतं डोकं खाचेत पाचरीसारखं बसतं आणि पट्टी परत जखडते. स्क्रू स्टेनलेसचे घेतले, १९ मिमी लांबीचे. जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू बाजारात स्वस्त मिळतात आणि सुतार सर्रास वापरतात, पण ते ठिसूळ असतात. हादऱ्याने डोकं तुटतं आणि ओलीत गंजतात.

सैल स्क्रू म्हणजे खडखडाट, ही मिस्त्रींची शंका रास्त होती. म्हणून पट्टीच्या पाठीला दोन्ही कडांनी पातळ फोमची टेप लावली, चिकट बाजू पट्टीला आणि कोरडी बाजू छताला. पट्टी फोमवर सरकते, वाजत नाही. स्क्रूची डोकी सागवानी रंगाच्या टोप्यांनी झाकली.

टोकं दोन्हीकडून ५-५ मिमी कापली. उघडी फट काकूंना चालणार नव्हती. पट्टीच्याच उरलेल्या तुकड्यातून छोट्या टोप्या केल्या आणि त्या फक्त कपाटाला चिकटवल्या. पट्टीचं टोक त्यांच्या आत मोकळं फिरतं. जानेवारीत, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या थंडीत, पट्टी आखडेल तेव्हाही फट दिसणार नाही, कारण टोपी टोकावर दीड सेंटीमीटर येते.

आडव्या तीन पट्ट्यांना हात लावला नाही. चालू आहे ते उकरायचं नाही, असं मिस्त्रींचं मत आणि माझंही.

परीक्षा

गाडी आम्ही मुद्दाम मैदानात उन्हात लावली, काचा बंद करून. दुपारी तीनला आत शिरलो तर जीव घाबरा होईल इतकं तापलेलं. पट्ट्या सरळ. टोकाजवळ सकाळी पट्टीवर आणि छतावर सलग ओढलेली पेन्सिलची रेघ आता तुटली होती, पट्टीवरचा भाग तीनेक मिमी कपाटाकडे गेलेला. काकांनी चष्मा लावून ती रेघ दोनदा पाहिली. मग नळदुर्गपर्यंत गाडी नेऊन आणली. येताना आवाज आला तो भांड्यांच्या कप्प्यातून.

खर्चात साहित्य अगदी किरकोळ. पैसे गेले ते मजुरीत, आणि मजुरी गेली गोंद खरवडण्यात.

राहिला गळका कोपरा. टपावरचं जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण काढलं, कारण वाळलेल्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉनही धड धरत नाही, दुसरं काही तर नाहीच. मग वायरीभोवती पॉलियुरेथेनचं सीलंट. खालचं कुजलेलं प्लाय टणक भाग लागेपर्यंत कापून तेवढाच नवा तुकडा बसवला. त्यावरची आडवी पट्टी मात्र लावली नाही. काकूंना छताचा तो उघडा जोड खुपत होता. त्या दोनदा म्हणाल्याही, "एवढं केलंत तर तेवढी मारून टाका की." पण पट्टी लावली की जोड झाकला जातो आणि पाणी आलं तर परत कुजल्यावरच कळणार. सोलापूरचा पाऊस जूनमध्ये हूल देतो, जोर धरतो तो सप्टेंबरात. तोवर जोडावर टिश्यू पेपरची एक घडी टेपने लावून ठेवली आणि प्रत्येक पावसानंतर ती बघायची जबाबदारी काकांनी घेतली. दसऱ्याच्या आसपास त्यांचा फोन आला, कागद कोरडा आहे. मिस्त्री जाऊन पट्टी लावून आले. तिला खाच नाही, कारण ती लहान आहे आणि तिची टोकं मोकळी आहेत.